खाऱ्या हवेत ट्रीटेड लाकडाला खिळे-स्क्रू कोणते मारावेत?

हर्णैची_हवा
मंडळी, गावच्या घरापुढे समुद्राच्या बाजूने लाकडी मांडव आणि त्याखाली फळ्यांची बैठक करायचं चाललंय. घर हर्णैजवळ, पुळण अगदी समोर. इतकी वर्षं माडाचे खांब नि बांबू घालून दरवर्षी मांडव उभा राहायचा. आता बाबांना झेपत नाही, गडी मिळत नाहीत. म्हणून एकदाच काय ते पक्कं करून टाकू असं ठरलं.

साग परवडत नाही. वखारीतून 'ट्रीटेड न्यूझीलंड पाइन' आणलंय. खांब चार बाय चारचे, वासे सहा बाय दोनचे, वर दीड इंची फळ्या. बऱ्याचशा लाकडाला हिरवट झाक आहे. वाळवी लागणार नाही, कुजणार नाही, असं वखारवाले म्हणाले.

भांडण पुढे आहे. सुतारकाका म्हणतात जीआय, म्हणजे जस्त चढवलेले खिळे मारू, आजवर तेच मारत आलोय. तालुक्याचा हार्डवेअरवाला म्हणतो स्टेनलेस स्टीलचे, म्हणजे एसएसचे स्क्रू घ्या, आणि आकडा असा सांगतो की लाकूड स्वस्त वाटावं. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो कुठलेही मार, वरून रंग दे. तिघांपैकी कोणाचं ऐकू? शेजाऱ्यांच्या कुंपणाला मारलेले चकचकीत खिळे दुसऱ्या पावसाळ्यात डोकं सोडून मोकळे झालेले मी बघितलेत, म्हणून धास्ती आहे.

पाचर
ट्रीटेड म्हणजे कशाने ट्रीटेड? त्यावर सगळं आहे. वखारवाल्याकडे कागद मागा.

मालवणी_मसालो
अरे बाबानू, खिळो कसलो इचारतास, आधी लाकूड खयचा ता बगा! आणि वखारवालो कागद देतलो तो बिलाचो, तो पण मागल्यार.

धातुवेडा
पाचर यांचा प्रश्न बरोबर आहे, जरा विस्ताराने लिहितो. आयुष्य गंज बघण्यात गेलं आहे, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

हिरवट झाक बहुतेक वेळा तांब्याची असते. बाहेरच्या लाकडाला बुरशी आणि वाळवी लागू नये म्हणून तांब्याचे क्षार दाबाखाली लाकडात घुसवतात. जुना आणि आपल्याकडे अजून चालणारा प्रकार सीसीए, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. दुसरा सीसीबी, त्यात आर्सेनिकच्या जागी बोरॉन. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडातून सीसीए २००३ च्या अखेरीस बाहेर पडलं आणि एसीक्यू, कॉपर अझोल ही मंडळी आली. त्यांत आर्सेनिक नाही, पण तांबं जास्त आहे, आणि गंजाला आवर घालणारं क्रोमियमही नाही. तिकडे २००४ नंतर नेहमीचे खिळे आणि ब्रॅकेट भराभर खराब व्हायला लागले ते यामुळेच.

आता तांबं लोखंडाला खातं कसं? लाकूड ओलं झालं की तांब्याचे आयन त्या पाण्यात उतरतात. लोखंड आणि जस्त हे तांब्यापेक्षा 'हलके', म्हणजे लवकर झिजणारे धातू. खिळ्यावरचं जस्त विरघळतं आणि त्याच्या बदल्यात तांबं तिथे बसतं. बसलेलं तांबं आणि शेजारचं जस्त मिळून छोटी बॅटरीच तयार होते. त्यात समुद्राचं मीठ पडलं की पाणी वीज आणखी चांगली वाहून नेतं. म्हणजे हर्णैला तुमच्या खिळ्याला दोन शत्रू आहेत, बाहेरून खारा वारा आणि आतून तांबं. रंग बाहेरच्यावर थोडाफार चालेल, आतल्यावर शून्य.

एक दिलासा. लाकडातला ओलावा साधारण १५-१८ टक्क्यांच्या खाली असेल तर आतला गंज जवळजवळ थांबतो. पण जून ते सप्टेंबर कोकणात उघड्यावरचं लाकूड एवढं कोरडं राहील हे विसरा.

खिसा_फाटका
म्हणजे पुण्याचा चुलतभाऊ बाद.

हर्णैची_हवा
@धातुवेडा, खूप आभार. आज जाऊन एकेक फळी उलटून बघितली. एक गंमत सापडली. आठ-दहा फळ्यांना हिरवट झाक नाही, पण त्यांवर गव्हाच्या कणसासारखं चित्र आणि 'एचटी' असा शिक्का आहे. ही जास्त चांगली ट्रीटमेंट का?

वखारीतला_वाघ
अहो नाही! त्या फळ्या नाहीत, ती खोक्यांची लाकडं आहेत. परदेशातून मशिनरी येते तिच्या पेट्या नि पॅलेट मोडून ती लाकडं विकली जातात. एचटी म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलं, एवढंच. एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून तो आंतरराष्ट्रीय नियम आहे. तापवून आतली कीड मेली, पण उद्या हर्णैची वाळवी यायला कुठली आडकाठी? ते लाकूड आत घरात फडताळाला वापरा. मांडवाला नको.

आमच्या धंद्यात 'ट्रीटेड' या शब्दाखाली चार गोष्टी विकल्या जातात. भट्टीत वाळवलेलं, धुरी दिलेलं, तेलात नाहीतर वाळवीच्या औषधात बुडवून काढलेलं, आणि खरोखर दाबाखाली रसायन भरलेलं. शेवटचंच उघड्यावर टिकतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे एक तुकडा मधोमध कापून आडवा छेद बघा. रंग नुसता कातडीपुरता असेल तर बुडवलेलं, आत चांगला शिरलेला असेल तर दाबाचं. गाभ्यात रंग जात नाही, ते चालतं.

इतिहासाचा_किडा
अवांतर, पण राहवत नाही. ज्या सीसीएचं एवढं चाललंय ते जगभर गेलं आपल्या डेहराडूनहून. वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी १९३३ साली हे मिश्रण शोधलं. 'ॲस्क्यू' नावाने ते खपायचं. विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, बंदरांचे धक्के असं कुठे कुठे गेलं ते. आणि आपण न्यूझीलंडचं लाकूड आणून त्याचं कौतुक करतोय.

आक्का_ऑकलंडची
न्यूझीलंडचं नाव निघालं म्हणून आले. :) आमच्याकडे सीसीए अजून सर्रास चालतं. फळीच्या टोकाला एच ने सुरू होणारा वर्ग छापलेला असतो. एच३.२ म्हणजे जमिनीच्या वर, उघड्यावर. एच४ जमिनीत पुरता येईल असं. एच५ घराच्या खांबांना, एच६ समुद्राच्या पाण्यात. तुमच्या खांबांवर असं काही दिसतं का बघा. नसेल तर खांब जमिनीत पुरू नका, खाली लोखंडी बूट घालून काँक्रीटच्या वर उभे करा.

इथल्या बांधकामाच्या नियमांत समुद्रापासून ५०० मीटरच्या आतला पट्टा वेगळा धरतात, आणि उघड्यावरच्या जोडाला तिथे स्टेनलेसच मागतात. आमच्या डेकला, म्हणजे घरापुढच्या लाकडी ओट्याला, तेच आहे. ओळखीच्या एकांनी हॉट डिप गॅल्व्हनाइज्डचे, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेले खिळे वापरलेत, ते आतल्या गावात आहेत म्हणून चालून गेलं.

शंकासूर
आर्सेनिक? बैठकीवर पोरं खेळणार, आजी सुपारी कातरत बसणार. हे ठीक आहे का?

वखारीतला_वाघ
लाकडात बसलेलं सहसा फार सुटत नाही. तरी बसायच्या, हात लागायच्या फळ्या दुसऱ्या लाकडाच्या करा असंच मी सांगेन. खरी भीती दोन जागी आहे. कापताना भुसा नाकात जातो, तोंडावर मास्क हवा. आणि उरलेले तुकडे. कोकणात उरलेला तुकडा कुठे जातो? पाणी तापवायच्या बंबात! अजिबात जाळू नका. धुरात आणि राखेत आर्सेनिक उतरतं, आणि ती राख आपण भांड्यांना नि झाडांना घालतो.

मालवणी_मसालो
ह्या मातर खरा. आमच्याकडे बंबात काय जाता ता देवाक म्हायत.

पाचर
आता मूळ प्रश्नाकडे. बाजारात काय मिळतं ते बघू.

काळे स्क्रू. जिप्समचे. आपल्याकडे फॉल्स सीलिंगवाल्यांमुळे सगळ्या सुतारांच्या डब्यात हेच. घराबाहेर यांचं नावही काढू नका. गंजतात तर खरंच, वर ठिसूळ आहेत. लाकूड फुगलं-आटलं की मान तुटते.

चकचकीत पांढरे नाहीतर सोनेरी पिवळे स्क्रू, खिळे. दुकानात यांनाच 'जीआय' म्हणतात. ते विजेने जस्त चढवलेले असतात, थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन. तुमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाचे ते हेच.

खरखरीत, मंद राखाडी. हे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, हॉट डिप. थर ४५-५० मायक्रॉनच्या घरात. नट सैल वाटतो, कारण थराची जाडी धरून त्याचे आटे मोठे पाडलेले असतात. अशा बोल्टला साधा नट लावायला गेलात तर चढणार नाही. गावच्या दुकानात मिळत नाहीत, पण विजेच्या मनोऱ्यांना हेच बोल्ट लागतात, त्या मालाच्या दुकानात चौकशी करा. फक्त दुकानात 'टॉवर बोल्ट द्या' म्हणू नका, दाराची कडी हातात ठेवतील.

मग स्टेनलेस. त्यात पुन्हा २०२, ३०४, ३१६ आणि ४१० अशा प्रती. ही वेगळीच यादवी आहे.

मॅग्नेटमामा
स्टेनलेस ओळखणं सोपं. खिशात लोहचुंबक ठेवायचं. चिकटला तर खोटा, नाही चिकटला तर खरा.

धातुवेडा
मामा, हा सल्ला देशभर फिरतो आणि देशभर फसवतो. २०२ हा स्वस्तातला प्रकार, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि तो लोहचुंबकाला ३०४ सारखाच दाद देत नाही. खाऱ्या हवेत मात्र लवकर डाग धरतो. उलट खरा ३०४ चा स्क्रू थंड अवस्थेत ठोकून, आटे वळवून बनवतात, त्यामुळे तो किंचित चिकटू शकतो. म्हणजे तुमच्या परीक्षेत चोर पास नि साव नापास. लोहचुंबकाने ४१० तेवढा पकडता येईल. स्वतःच भोक पाडत जाणारे पत्र्याचे स्क्रू बरेचदा त्याचे असतात. तो कडक आहे, पण समुद्राजवळ गंजतो.

मँगनीज ओळखायचं थेंबाचं औषध भंगारवाल्यांकडे असतं. धातूवर थेंब टाकून छोट्या बॅटरीने वीज द्यायची. रंग लाल झाला की २०० च्या घराण्यातला माल. षटकोनी बोल्ट असेल तर डोक्यावर बघा. ए२-७० म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४-७० किंवा ए४-८० म्हणजे ३१६ चा. ३१६ मध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तोंड देतं ते हेच.

मॅग्नेटमामा
चुंबक फेकत नाही, पण मुद्दा मान्य. ४१० साठी ठेवतो.

जर्सीचा_जयू
इथे न्यू जर्सीत स्वतः डेक बांधलाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. सगळ्यांनी स्टेनलेसचा घोष लावलाय, पण अमेरिकेत घराघरांतले डेक पॉलिमर किंवा सिरॅमिकचा थर दिलेल्या स्क्रूंवर उभे आहेत. खोक्यावर 'ट्रीटेड लाकडाला चालेल' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ब्रॅकेट जी१८५ थराचे, म्हणजे नेहमीच्या जी९० च्या दुप्पट जस्त. काम सुरेख चाललंय. सगळीकडे ३१६ घालणं म्हणजे पैशाचा चुराडा.

आणि स्क्रू कोणता यापेक्षा कुठे लावला ते महत्त्वाचं. इकडे डेक कोसळतात त्यातले बरेच घराच्या भिंतीला टेकणाऱ्या आडव्या फळीशी सुटतात, कारण ती नुसत्या खिळ्यांवर लटकलेली असते. खिळा सरळ उपसून येतो. तिथे आरपार बोल्ट किंवा जाड लॅग स्क्रू हवा.

धातुवेडा
@जर्सीचा_जयू, दुसरा परिच्छेद सोन्याचा. पहिल्याशी भांडतो.

तुम्ही समुद्रापासून किती लांब? हवा किती खाते याचे वर्ग ठरलेले आहेत. सी३ मध्ये, म्हणजे मध्यम हवेत, जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जातं. सी५ मध्ये, म्हणजे खाऱ्या किनाऱ्यावर, ४.२ ते ८.४. आता पाचर यांचे आकडे घ्या. ८ मायक्रॉनचा चकचकीत खिळा किनाऱ्यावर एक-दोन वर्षांत नागडा. ५० मायक्रॉनचा हॉट डिप सहा ते बारा वर्षं. आणि हा हिशोब मोकळ्या हवेचा आहे, तांब्याच्या लाकडात रुतलेल्या भागाचा नाही.

थर दिलेल्या स्क्रूची अडचण वेगळी. थर चांगला असतो, पण बिट घसरला, डोक्यावर ओरखडा गेला, की तिथून सुरू. आपल्याकडे तो माल शोधावा लागतो, आणि खोक्यावरची खात्री कोण तपासणार?

जर्सीचा_जयू
पन्नास मैल आत. किनाऱ्यावर मीही बहुतेक स्टेनलेसच घेतलं असतं. पण मग निदान सगळीकडे ३१६ नको, एवढं तरी माना.

धातुवेडा
मानलं.

खिसा_फाटका
हा संवाद फ्रेम करून ठेवा, नेटवर कोणी कोणाचं मानल्याची ही पहिलीच नोंद असेल.

तिसऱ्या_पिढीचा_सुतार
सगळं वाचलं. पुस्तकातलं बरोबर आहे, आता हातातलं सांगतो.

एसएसचा स्क्रू मऊ असतो. सुतारकाकांना मशिनने जोरात फिरवायची सवय असेल तर डोकं तरी चिरडणार, नाहीतर मान तुटून अर्धा आत राहणार. आधी भोक पाडायचंच. पाच मिलीमीटरच्या स्क्रूला पाइनमध्ये तीन-साडेतीनचं ड्रिल. आट्यांना मेणबत्ती घासायची. साबण नको, साबण पाणी ओढतो. फळीच्या टोकाजवळ तर भोक हवंच, नाहीतर फळी चिरते.

एसएसचे नट-बोल्ट मशिनने भरधाव आवळले तर एकमेकांत वितळल्यासारखे जाम होतात. मग कापूनच काढावे लागतात. पान्याने, सावकाश, आट्याला ग्रीस लावून. जाम होऊ नये म्हणून खास पेस्ट मिळते, ती अजून बरी.

ज्या ग्राइंडरने लोखंड कापता त्याच्या ठिणग्या एसएसवर पडू देऊ नका. लोखंडाची कणी चिकटते नि दुसऱ्या दिवशी ठिपके. मग गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा. तीच गोष्ट तारेच्या ब्रशची.

ट्रीटेड लाकूड कापलं की कापलेल्या टोकाला औषध लावा. आतला गाभा उघडा पडतो, तिथूनच कुजायला सुरुवात. औषध नसेल तर वखारवाल्याकडून आणवा.

आणि लाकूड ओलं आलं असेल तर आधी सावलीत पट्ट्या घालून रचून वाळू द्या. ओल्यावर काम केलं तर वाळल्यावर फळ्या आटतात, बोल्ट सैल पडतात. एक पावसाळा नि एक उन्हाळा गेला की सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, त्यासाठी पाना पोचेल अशी जागा ठेवा. वायसर मोठा घ्या. पाइन मऊ, छोटा वायसर आत रुततो.

शंकासूर
आमच्या जुन्या घरात आईनाच्या वाशांना खिळ्याभोवती काळे डाग आहेत. त्यात तर तांबं नव्हतं ना?

तिसऱ्या_पिढीचा_सुतार
ते टॅनिन. आईन, बाभूळ यांत भरपूर असतं. लोखंड, पाणी नि टॅनिन भेटले की शाई होते. तिथलं लाकूडही हळूहळू मऊ पडतं, खिळा हाताने हलतो. म्हणून आमचे आजोबा मोठ्या जोडांना खिळा मारतच नसत. खाचा पाडून वासा बसवायचे नि लाकडाची खुंटी ठोकायचे. सगळं लाकूड एकाच चालीने फुगतं-आटतं, गंजायला काही नाहीच.

इतिहासाचा_किडा
पुन्हा अवांतर, पण यावेळी विषयात बसणारं. इंग्रजांच्या आरमाराने १७६१ साली 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचवायला. वेस्ट इंडीजहून जहाज परतल्यावर बघतात तर पत्रा ठणठणीत आणि लोखंडी खिळे गळून गेलेले. मजा अशी, की जिथे पत्र्यावरचा तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता तिथलं लोखंड शाबूत होतं. तांबं-लोखंडाची भेट झाली नाही. मग १७८० च्या दशकात त्यांनी बोल्टच तांब्याच्या मिश्रधातूंचे केले.

मालवणी_मसालो
खिळोच नको. काथ्यान शिवा.

इतिहासाचा_किडा
@मालवणी_मसालो, तुम्ही थट्टा करताय, पण 'आयएनएसव्ही कौंडिण्य' तशीच बांधली आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, गोव्यात, फळ्या काथ्याने शिवून. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली.

खिसा_फाटका
हर्णैचा मांडव नौदलात कधी दाखल होतोय?

पाचर
त्या तपकिरी कागदाचं आजचं रूप सांगतो. वाशाच्या माथ्यावर, आणि ब्रॅकेट जिथे लाकडाला टेकतं तिथे, ब्युटाइल किंवा डांबरी चिकटपट्टी लावा. तांब्याचं पाणी धातूपर्यंत पोचत नाही, वाशाच्या डोक्यावर पाणीही साचत नाही. स्वस्तातलं काम आहे.

आणि धातूंची सरमिसळ करू नका. जीआयचं ब्रॅकेट असेल तर हॉट डिपचेच बोल्ट. एसएसचे स्क्रू असतील तर ब्रॅकेटही एसएसचं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या लाकडाला टेकवूच नका.

जर्सीचा_जयू
+१. उलट सरमिसळ आणखी वाईट. मोठं एसएसचं ब्रॅकेट आणि त्यात छोटे जीआय स्क्रू असतील तर सगळा मार स्क्रूवर येतो.

आक्का_ऑकलंडची
अजून एक, हे सहसा सुचत नाही. पावसाने धुतला जाणारा स्क्रू कमी गंजतो, आडोशातला जास्त. वाऱ्याने आलेलं मीठ आडोशाला साचतं, ते धुऊन जात नाही. म्हणजे तुमच्या फळ्यांच्या वरच्या बाजूपेक्षा खालचे जोड आणि मांडवाच्या छपराखालचे ब्रॅकेट आधी जाणार. महिन्या-दोन महिन्यांनी, कोरड्या दिवसांत, नळीने गोड्या पाण्याचा फवारा मारा. एसएसवर चहाच्या रंगाचे डाग दिसले तर घाबरू नका, पुसले जातात. तेही नको असतील तर ३१६.

खिसा_फाटका
आता गरिबाचं ऐका. पैसा मोजका आहे. कुठे खर्चायचा, कुठे वाचवायचा?

धातुवेडा
पुन्हा काढता येईल की नाही, हा एकच प्रश्न विचारायचा. खांबाच्या तळाचा बूट, खांब-वासा जोड, भिंतीला टेकणारी फळी हे काढायचं म्हणजे मांडव उतरवायचा. शिवाय माणसं त्याखाली बसतात. इथे ३१६ चे बोल्ट, संख्येने थोडेच असतात. फळ्यांचे स्क्रू शेकड्याने लागतात पण एकेक बदलता येतात, तिथे ३०४ चालेल. डाग पडतील, ताकद टिकेल. शोभेच्या पट्ट्या, वेल चढवायच्या जाळ्या वगैरेंना हॉट डिप. चकचकीत 'जीआय' कशालाच नाही.

तिसऱ्या_पिढीचा_सुतार
आणि पितळी स्क्रू सुचवायला कोणी येईल त्याआधी सांगतो. दिसायला छान, पण मऊ, पिळला की तुटतो, आणि खारट ओलीत त्यातलं जस्त निघून जाऊन नुसता लाल भुसभुशीत दांडा उरतो.

हर्णैची_हवा
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलेलं लिहितो, चुकत असेल तर आत्ताच ओरडा.

एचटीच्या फळ्या बाजूला काढल्या, त्यांची माळ्यावर मांडणी करू. हिरव्यातला एक खांब कापून बघितला, रंग बराच आत गेलाय. पण वर्गाचा शिक्का नाही, म्हणून जमिनीत पुरणार नाही, काँक्रीटच्या चौथऱ्यावर बूट घालून उभे करू. बसायच्या फळ्या आर्सेनिकच्या भीतीने दुसऱ्या लाकडाच्या, घरामागे किंजळाच्या आहेत त्या रंधून घेऊ. बूट एसएसचे वेल्डरकडून करून घेतोय. बोल्ट ए४ चे, चिपळूणला सांगून मागवले. फळ्यांना ३०४ चे स्क्रू. सुतारकाकांना 'आधी भोक' हे पटवायला आईला पुढे केलंय.

तिसऱ्या_पिढीचा_सुतार
बरोबर. किंजळ पाइनपेक्षा बरंच कडक, ड्रिल अर्धा मिलीमीटर वाढवा, नाहीतर ३०४ चा स्क्रू तिथेच मोडेल. आणि वेल्डरला सांगा की बुटाच्या तळाला पाणी जायला भोक ठेव. बुटात पाणी तुंबलं तर एसएस टिकेल, खांबाचा पाय कुजेल.

धातुवेडा
वेल्ड केलेली जागा काळी-निळी झालेली असते ती तशीच ठेवू देऊ नका. पिकलिंग पेस्ट लावून साफ करून घ्या. तिथेच पहिला गंज धरतो. आणि पट्टी ३१६ ची आहे का ते बिलावर लिहून घ्या.

हर्णैची_हवा
वेल्डरला सांगतो. शेवटचा प्रश्न. मांडवावर पत्रा टाकायचाय, रंगीत. तो या वाशांवर थेट बसवला तर चालेल ना?

पाचर
नाही. त्या पत्र्यावर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम-जस्ताचा थर असतो. वाशाच्या माथ्यावरची पट्टी पत्र्याखालीही सलग घ्या, आणि वाशांवरून निथळलेलं पाणी खालच्या पत्र्यावर पडणार नाही असं बघा. त्यात तांबं असतं.

मालवणी_मसालो
कौला घाल रे. तेका गंज नाय.

हर्णैची_हवा
गंज नाही, पण वानर आहेत.